आरपीएमचा काटा

पद्मिनीच्या डॅशबोर्डवर कंपनीने आरपीएम मीटर दिलाच नव्हता. आमच्या १९८६ च्या गाडीत तो आहे, कारण अब्बांनी मुंबईच्या चोरबाजारातून आणून डॅशबोर्डखाली पट्टी मारून बसवून घेतला. खंबाटकी चढताना इंजिनाला किती दम लागतोय ते डोळ्यांना दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. घरात सगळे हसायचे. पण तीस वर्षं त्यांनी त्या काट्याकडे बघून गिअर बदलले आणि इंजिन एकदाही उघडावं लागलं नाही.

अब्बा गेल्यावर गाडी साताऱ्यात माझ्याकडे राहिली. भाऊ सांगलीला असतो. इंजिनाचं काम निघालं की गाडी विकायची, असं आमचं दोघांचं ठरलेलं. खर्च झेपणारा नव्हता आणि दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणी नव्याने करायची दगदग वेगळी.

गेल्या उन्हाळ्यात डॅशबोर्डला रंग दिला आणि काटा बिघडला. गाडी उभी असताना जेमतेम साडेपाचशे दाखवायचा, रस्त्यावर मध्येच शून्यावर पडायचा, पुन्हा उसळी मारायचा. साताऱ्यातल्या एका गॅरेजवाल्याने कार्बोरेटरचा स्क्रू पिळून काटा आठशेवर आणला आणि इंजिन अर्धं उघडावं लागेल असं सांगितलं. त्यानंतर गाडी सिग्नलला क्लच दाबला तरी गुरगुरत राहायची आणि पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. भावाने फोनवर विचारलं, "मग गिऱ्हाईक बघू का?"

मी म्हटलं, आधी मिरजेच्या मिस्त्रींना दाखवू. अब्बांचे जुने स्नेही. कऱ्हाड, पेठनाका, आष्टा करत गाडी नेली. वाटेत एक गोष्ट नीट लक्षात आली : काटा पडतो, पण इंजिनाचा आवाज तसाच राहतो. धक्का नाही, फटका नाही.

चाचांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग निम्मं काम तूच केलंस की." त्यांचा हिशेब सरळ होता. मीटरची वायर इग्निशन कॉइलच्या सीबी टोकाला असते. डिस्ट्रिब्यूटरमधला पॉइंट उघडला की ठिणगी पडते आणि मीटर ते ठोके मोजतो. पॉइंट जळला असेल तर काट्याबरोबर इंजिनही चुकलं पाहिजे. काटा एकटाच चुकत असेल तर दोष मीटरमध्ये किंवा त्याच्या वायरीत. तरी त्यांनी कॅप काढून पॉइंट बघितला, पॉलिश पेपरने पुसला, फटीत पट्टी घालून गॅप तपासला. मग बॅटरीच्या मायनसपासून एक लांब वायर थेट मीटरच्या बॉडीला लावली. काट्याचं उसळणं जागच्या जागी थांबलं. रंगाऱ्याने पट्टीच्या स्क्रूखालीसुद्धा रंग मारला होता आणि अर्थिंग तुटलं होतं. मीटर काढून तेवढा रंग खरवडला.

पण साडेपाचशेचं कोडं राहिलंच. तेव्हा चाचांनी जे केलं ते मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. संध्याकाळ झाली होती. त्यांनी गाडी शेडमध्ये घेतली, खडूने क्रँकच्या पुलीवर एक रेघ मारली आणि वरची चोकवाली जुनी ट्यूब लावली. एलईडीवर हे जमेलच असं नाही म्हणाले. मी हळूहळू अॅक्सिलरेटर दाबत गेलो. एका ठिकाणी पुलीवर चार फिकट रेघा दिसल्या आणि चारही स्थिर उभ्या राहिल्या.

आपली वीज पन्नास सायकलची, म्हणून अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. एका फेऱ्यात चार रेघा म्हणजे पुली सेकंदाला पंचवीस फेरे घेतेय, मिनिटाला १५००. काटा दाखवत होता १०००. तो खरा असता तर सहा रेघा दिसायला हव्या होत्या.

चाचा हसायलाच लागले. "अरे, हा सहा सिलिंडरचा हिशेब करतोय!" अशा मीटरच्या पाठीमागे चार, सहा, आठ सिलिंडरचं बटण असतं. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोन ठिणग्या देतं, सहाचं तीन. रंगासाठी मीटर उतरवताना बटण सहावर सरकलं होतं, म्हणून प्रत्येक आकडा दोन तृतीयांश दिसत होता. म्हणजे आठशे दाखवताना इंजिन बाराशेवर पळत होतं. बिचाऱ्या इंजिनाचा काहीच गुन्हा नव्हता.

बटण चारवर केलं आणि कार्बोरेटरचा स्क्रू सैल केला. तो करताना मात्र त्यांनी काट्याकडे पाहिलं नाही, बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले. मिरजेत हे शोभून दिसतं. शिकलगारांनी हत्यारांचं काम सोडून सतार-तंबोरे घडवायला घेतले ते याच गावात आणि अब्दुल करीम खाँसाहेब राहिले तेही इथेच. स्क्रू थांबला तेव्हा काटा आठशेच्या किंचित वर होता.

पैसे विचारले तर म्हणाले, "खडूचे दे." बळेच खिशात पैसे कोंबून निघालो.

सांगलीत भावाच्या दारात गाडी चालूच ठेवून त्याला बाहेर बोलावलं. तो बराच वेळ आवाज ऐकत उभा राहिला. गिऱ्हाईकाला त्याने फोन करून सांगितलं, "सध्या नाही." मग चावी मागितली आणि एकटाच चक्कर मारायला गेला. अर्ध्या तासाने आला तेव्हा म्हणाला, "तिसरा टाकताना अब्बा काटा कितीवर आणायचे रे?"