टाचणीच्या टोकाएवढे साक्षीदार

सिव्हिलवाल्यांचं आणि जिऑलॉजीचं फारसं जमत नाही, हे मी सांगायला नको. ‘दगड तो दगड, त्यात वाचायचं काय?’ हा प्रश्न ओरल्सच्या आदल्या रात्री आमच्या विंगमध्ये हमखास येतो. मला मात्र त्यातला एक भाग मनापासून आवडला : फोरामिनिफेरा. नाव अवघड, पण जीव साधा. समुद्रातला, एकपेशीय, बहुतेकदा एक मिलिमीटरपेक्षाही लहान. मेल्यावर कवच तळाच्या गाळात बसतं, गाळाचा खडक होतो आणि कवच त्यात टिकून राहतं.

आता इंग्लंड आणि फ्रान्स जोडणारा चॅनल टनेल बघा. लांबी ५० किलोमीटर, पैकी ३८ समुद्राखाली. खोदायला सगळ्यात सोयीचा थर ‘चॉक मार्ल’, म्हणजे १० कोटी वर्षांपूर्वीचा मऊ चुनखडक. त्यात चिकणमाती मिसळलेली, त्यामुळे पाणी फारसं झिरपत नाही. वरच्या चॉकमध्ये भेगा आणि पाणी, खाली गॉल्ट क्ले. म्हणजे मशीन शक्यतो याच थरात ठेवायचं. पण थर सरळ थोडेच असतात? ते कलतात, वळतात, फॉल्टपाशी सरकतात. आणि बोअरमधून आलेला चॉक नुसत्या डोळ्यांना बराचसा सारखाच दिसतो. मग आपण नेमके कुठल्या पातळीवर आहोत, हे ठरवायला ही कवचं उपयोगी पडली.

कशी? हॉस्टेलचा तारीख पुसलेला ग्रुप फोटो घ्या. त्यात दोन ओळखीचे चेहरे दिसले, तर दोघं एकाच वेळी इथे होते तीच वर्षं उरतात. दुसऱ्या ब्लॉकच्या फोटोतही तीच मंडळी असली, तर काळ तोच. फोरामच्या जातीही अशाच येतात आणि नामशेष होतात. तरंगणाऱ्या जाती प्रवाहाबरोबर लांबवर पसरतात, म्हणून दूरदूरचे थर जुळवता येतात. पास होऊनही फोटोत घुसणारा सिनिअर इथेही असतो बरं का! जुन्या खडकातली कवचं झिजून नव्या गाळात मिसळतात, तेव्हा जपून.

काम मात्र चिकाटीचं. खडकाचा तुकडा फोडायचा, भिजवायचा, बारीक चाळणीवर धुवायचा, वाळवायचा. मग मायक्रोस्कोपखाली ओल्या ब्रशने एकेक कवच वेचायचं. डायनोसॉरचं हाड बोअरमध्ये कुठून सापडणार? कवचं मात्र चमचाभर चुऱ्यातही शेकड्यांनी मिळू शकतात.

१ डिसेंबर १९९० रोजी दोन्ही बाजूंचे कामगार समुद्राखाली भेटले. त्या हस्तांदोलनाचे फोटो जगभर छापून आले. ब्रशने कवचं वेचणाऱ्यांचे मला तरी कुठे दिसले नाहीत.