काळ्या पट्ट्या

मागच्या शनिवारी लोट्याला घरी गेलो. बाबा नव्या टीव्हीवर प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' बघत बसलेले, आणि विष्णुपंत पागनीस चक्क पैलवान! चित्र ताणून स्क्रीनभर केलेलं. मी रिमोट घेऊन ४:३ केलं, तर बाबा वैतागले. "पैसे अख्ख्या टीव्हीचे मोजलेत, काळ्या पट्ट्यांचे नाही."

आता इंजिनियर गप्प कसा बसणार? ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलं की माणूस ३३ टक्के रुंद होतो, झूम केलं तर वरखालून मिळून पाव चित्र गायब, वगैरे ऐकवलं. (उलटा अन्यायही आहेच. 'कागज के फूल' १९५९ साली सिनेमास्कोपमध्ये काढलेला. जुन्या चौकोनी टीव्हीवर तो पडदाभर दाखवायचा तर दोन्ही बाजू कापाव्या लागणार.) बाबा ढिम्म. कंपनीत ३० वर्षं शिफ्टा केलेला माणूस असल्या आकड्यांना भीक घालत नाही. असो.

रात्री ताईच्या लग्नाची कॅसेट लावली, म्हणजे मी पेन ड्राइव्हवर उतरवून आणलेली. पंगतीत तूप वाढणारी आई दिसली, गोल गुबगुबीत. आई जन्मभर काडी होती. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

बाबा थोडा वेळ बघत राहिले. मग रिमोट माझ्याकडे सरकवला.

"ते तुझं चार-तीन कर."