बटणाचे पिल्लू आणि आमचे करडू

जपानमध्ये बान्दाई नावाच्या कंपनीने १९९६ साली एक खेळणे काढले. त्याचे नाव तमागोची. जपानी भाषेत तमागो म्हणजे अंडे. हे खेळणेही अंड्यासारखेच, मुठीत मावते. त्याला छोटा पडदा व तीन बटणे असतात. पडद्यावर अंडे फुटून पिल्लू निघते. भूक लागली की ते पिपपिप वाजते. मग बटण दाबून त्याला खाऊ घालायचे, त्याची शी काढायची, दिवा मालवून झोपवायचे. लक्ष दिले नाही तर ते मरते. गुरुजींनी सांगितले, की मुले ते शाळेत नेऊन तासाला त्याच्याकडेच पाहू लागली. म्हणून १९९७ साली अमेरिकेतल्या काही शाळांनी त्यावर बंदी घातली.

दिवाळीत माझा आतेभाऊ पुण्याहून तसले खेळणे घेऊन आला. जेवतानासुद्धा ते हातातच! एका रात्री पिल्लू मेले. सकाळी तो लई रडला. मग त्याने बटणे दाबली. नवे अंडे आले आणि तो हसू लागला.

त्याच आठवड्यात आमची उस्मानाबादी शेळी व्याली. तीन करडे झाली. शेळीला सड दोनच. दोन धट्टी करडे प्यायची, तिसरे मागे राहायचे. आज्जी म्हणली, "ह्येला बाटलीनं पाजावं लागंल, लेकरा." आम्ही दोघे पाळीपाळीने दूध पाजू लागलो. थंडी वाजू नये म्हणून त्याला पोत्यावर निजवले. दोन दिवसांत ते आमचा आवाज ओळखू लागले. आतेभाऊ दिसला की लटपटत उभे राहायचे आणि त्याचे बोट चोखायचे. खेळणे कोनाड्यात वाजत राहायचे.

सहाव्या दिवशी करडू मेले. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले होते, पण उपयोग झाला नाही. आतेभावाने विचारले, "आता दुसरं कधी येणार?" आज्जी म्हणली, "दुसरं येईल की बाळा, पर ह्ये न्हाई येणार." तो बराच वेळ गप्प बसला. मग उठून शेळीला पाला घालायला गेला.

मला वाटते, ते खेळणे वाईट नाही. वेळेवर खाऊ घालायचे, हे ते शिकवते. पण ते नुसती हाक मारते, आपल्याला ओळखत नाही. ज्यांच्या घरी जनावराला जागा नाही, त्यांनी खुशाल खेळावे. आपल्या दारात मात्र शेळ्या, वासरे, कोंबडीची पिल्ले आहेत. त्यांना बटण नसते. म्हणून शाळेतून घरी गेल्यावर आधी त्यांना पाणी दाखवावे, मग खेळायला जावे.

— इयत्ता चौथी