सुरीचं चुंबक उतरवताना

आमच्या भाजीच्या सुरीला दगडावर धार लावली की लोखंडाचा काळा कीस धारेवर मिशीसारखा उभा राहायचा. फडक्याने पुसला तर नुसता इकडचा तिकडे. तोच मग कांद्यावर उतरणार! संशय भिंतीवरच्या चुंबकपट्टीवर होता. बेंगळुरूच्या फ्लॅटमध्ये ओटा एवढासा, म्हणून सुऱ्या भिंतीला चिकटवलेल्या. सुरीचं पोलाद कडक, आणि कडक पोलाद एकदा लागलेलं चुंबकत्व सहजी सोडत नाही. स्टीलचा डाव त्या पट्टीला चिकटतच नाही, त्यामुळे तो सुटला.

तापवलं की चुंबकत्व जातं, हे शाळेतलं ज्ञान. पण लोखंडासाठी त्याला ७७० अंश सेल्सिअस लागतात, आणि तेवढ्यात पात्याला दिलेलं पाणीही उतरणार.

आधी मल्लेश्वरमच्या घड्याळजींना विचारलं. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनबरोबर घड्याळांचा कारखाना काढला तो याच शहरात. म्हटलं, इथल्या घड्याळजीला चुंबकाचं दुखणं नवं नसणार. नव्हतंच. केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ पुढे पळतं, त्यावर त्यांच्याकडे बटणाची छोटी पेटी होती. पण सुरी बघून ते हसले आणि म्हणाले, पीन्याच्या औद्योगिक वसाहतीत जा.

पीन्यात ग्राइंडिंगच्या एका शेडमध्ये निपाणीकडचे काका भेटले. तिथे जॉब चुंबकी चकवर धरून घासतात, त्यामुळे काम झालं की प्रत्येकाचं चुंबकत्व उतरवायला ‘डीमॅग’ मारावाच लागतो. त्यांनी सुरी माझ्याच हातात ठेवली. डीमॅगचं यंत्र चालू होताच पातं गुणगुणायला लागलं, मुठीपर्यंत झिणझिण्या. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे प्रवाहाची दिशा सेकंदाला शंभरदा उलटते. पातं हळूहळू लांब नेलं की प्रत्येक उलट झटका आधीच्यापेक्षा कमजोर होत जातो आणि शेवटी काहीच उरत नाही.

“हात अजून लांब न्या की ताई! आत्ताच बटण बंद केलं तर परत लागलंच समजा.”

स्टेपलरची पिन लावून पाहिली. टोकाला गळून पडली, मुठीजवळ मात्र लोंबकळत राहिली. पुन्हा एकदा, या वेळी आणखी सावकाश. आता तिथेही धरेना.

पैसे विचारले तर काकांनी हात झटकला.

“घरात आणखी काही असेल तर आणा. स्क्रूड्रायव्हर तेवढा नको हं, त्याला लागलेलं बरं असतंय.”