भोरड्या निघाल्या

फाल्गुन सरत आलाय. जिंतूरहून येलदरीकडे जाताना बांधावरचा एक पळस नुसत्या कलकलाटानं भरलेला. भोरड्याच भोरड्या! गुलाबी अंग, काळं डोकं, विस्कटलेला तुरा. फुलात खुपसलेली चोच वर आली की कपाळाला पराग. ज्वारी दाण्यात आली तेव्हा यांच्यावर गोफणी फिरल्या. दाणा खातात, हे खरंच. पण अळ्या, नाकतोडेही फस्त करतात, ते कुणी बोलत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. आता भोरड्या मध्य आशियाकडे निघतील. तिथे वसंत उतरला की टोळांच्या मुलखात, दगडांच्या कपारींत घरटी करतील. तेवढ्या प्रवासाची शिदोरी इथल्या पळसावरही बांधली जाते. बांध कोरताना पळस तोडू नका. पावसाळा सरता सरता थवे पुन्हा आपल्याच शिवारात उतरतात.