पायाळूची लाथ

आपल्याला कणा आहे, हे माणसाला कळतं ते तो कणा आपल्यावर उलटल्यावर. माझा गेल्या फाल्गुनात उलटला.

निमित्त मिरचीचं. नंदुरबारात राहायचं आणि वर्षाचं तिखट घरी करायचं नाही, हे आमच्या घराण्यात पाप मानतात. हमालाने पोतं ओट्यावर टाकलं आणि "आत ठेवू का?" असं विचारलं. मी म्हणालो, "राहू दे, मी आहे की!" पोतं वीस किलोचं, मी एकसष्ट वर्षांचा. वाकलो, कमरेत 'कट्' असा आवाज झाला आणि मी तसाच काटकोनात राहिलो. पाच मिनिटांनी सौ. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, काय हरवलंय?"

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "उसण आहे. शेक घ्या, अंथरुणात पडून राहू नका, दोन-तीन आठवड्यांत जाईल." हे कोणालाच पटलं नाही. फोटो नाही, इंजेक्शन नाही, साधा पट्टासुद्धा नाही! अशा डॉक्टराची फी द्यायची तरी कशाबद्दल? शेजाऱ्यांनी लेप सुचवले, आणि अमेरिकेतल्या भाच्याने फोनवर काळजीच्या सुरात विचारलं, "मामा, तिकडे कायरोप्रॅक्टर नाही का?"

पडल्यापडल्या मी या कायरोप्रॅक्टरचा इतिहास वाचून काढला. १८९५ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ अंगावर हात फिरवून लोहचुंबकी उपचार करीत असत. तिथे हार्वी लिलार्ड नावाचा एक बहिरा झाडूवाला होता. पामरसाहेबांनी त्याच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असं ते सांगत. कानाची नस पाठीतून जात नाही, ती कवटीतल्या कवटीतच असते; पण अशा किरकोळ गोष्टींनी शास्त्रं थांबत नसतात. शंभरातले पंचाण्णव रोग मणका सरकल्यामुळे होतात, इथपर्यंत पामरसाहेब पोचले. १९०६ साली परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून तुरुंगातही जाऊन आले. 'कायरो' म्हणजे ग्रीक भाषेत हात. हाताने करायची ती कायरोप्रॅक्टिक.

हे वाचलं आणि मला शहाद्याची आत्या आठवली. तिची म्हणजे पायरोप्रॅक्टिक.

आत्या पायाळू. म्हणजे जगात येताना तिने पाऊल आधी ठेवलं, डोकं मागाहून आणलं. पायाळू माणसाची लाथ कमरेला लागली की उसण जाते, हे आपल्याकडे पोरंही जाणतात. पायाळूला गुप्तधन दिसतं आणि त्याच्यावर वीज पडते, असंही म्हणतात. धन तिला कधी दिसलं नाही. पण लहानपणी पावसात अंगणात खेळू दिलं नाही, हे दुःख ती अजून सांगते. साठ वर्षं गावाने तिच्या लाथा खाल्ल्या. कचेरीतले भाऊसाहेब ओट्यावर पालथे पडत. आत्या त्यांना तीन लाथा मारी, मग मोठ्या माणसाला पाय लागला म्हणून वाकून नमस्कार करी आणि वर चहा पाजी. फी नाही.

मी एसटीने निघालो. प्रकाशाला तापी ओलांडेपर्यंतच एसटीने माझे निम्मे मणके फुकटात हलवून दिले होते.

"काय व्हयनं रे भाऊ?" आत्याने विचारलं. मी सरळ पालथा पडलो, तर ती म्हणाली, "थांब. पायाले मुंग्या येतस का? ताप येतो का संध्याकाळचा? वजन उतरलंय? लघवी नीट होते?" शेवटचा प्रश्न तिने तिच्या नेहमीच्या आवाजात विचारला, त्यामुळे शेजारच्या दोन बायकांनीही माझ्या उत्तराकडे कान लावले.

हे प्रश्न थेट आमच्या डॉक्टरांनी विचारले होते. "तू हे कुठे शिकलीस?"

आत्या जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, पन्नासेक वर्षांपूर्वी धडगावकडचा एक तरुण यायचा. पाठ दुखायची, संध्याकाळी अंग तापायचं. दर महिन्याला यायचा, तीन लाथा खाऊन जायचा. चौथ्या खेपेला भावांनी खाटेवर घालून आणला, पाय गेले होते. धुळ्याला नेला तेव्हा मणक्याचा क्षय निघाला. डॉक्टरांनी तिला दोष दिला नाही. एवढंच म्हणाले, "बाई, तुमच्या लाथेने नाही झालं. पण तीन महिने गेले."

"तवापासून आधी विचारते," आत्या म्हणाली. "आणि मानेला तर कोणाच्या हात लावत नाही."

हे मानेचं मला लागलं. कारण दाढीनंतर मानेला दोन्हीकडे कडाकड झटके देऊन घेणं हे माझं चाळीस वर्षांचं व्यसन. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. झटक्याने त्या क्वचित फाटतात आणि पक्षाघात होतो, अशी सूचना अमेरिकेतल्या हृदयरोगवाल्यांच्या संस्थेने २०१४ साली दिली आहे. हल्ली आमच्या कारागिराने डोकं धरलं की मी खुर्चीतून उठतो. त्याला वाटतं, पैसे वाचवतोय.

कमरेचं मात्र तसं नाही. २०११ साली सहा हजारांवर रोग्यांच्या २६ चाचण्या एकत्र तपासल्या. जुनाट कंबरदुखीला मणके दाबून घ्या, व्यायाम करा की गोळ्या घ्या, गुण साधारण सारखाच. आणि नव्याने भरलेली उसण बहुतेकांची काही केलं तरी जाते, असं २०१७ साली तिथल्या डॉक्टरांच्या महाविद्यालयाने लिहून ठेवलं. गोळ्यांआधी शेक, मालीश, मणके दाबणं यांतलं काहीही करून पाहा म्हणाले. लाथेचा उल्लेख नाही, पण तिथे पायाळू नसतील.

आत्याने तीन लाथा मारल्या. लाथा कसल्या, ब्याऐंशी वर्षांच्या म्हातारीचा अंगठा तो. मांजर चालून गेल्यासारखं वाटलं. अकराव्या दिवशी मी सरळ झालो. डॉक्टर म्हणतात, मी सांगितलंच होतं. आत्याला कळवलं तर तीही तेच म्हणाली.

मागच्या महिन्यात तिचीच कंबर धरली. आता तिला लाथ कोण मारणार? पायाकडून येणारी बाळं हल्ली बहुधा पोट कापून काढतात, त्यामुळे पायाळूंची पैदासच खुंटली. आत्याचा पणतू तसाच, आत पायावर बसलेला होता, वरून काढला. "याला पायाळू धरायचा का रे?" तिने मला फोनवर विचारलं. मी म्हटलं, यावर संशोधन झालेलं नाही.

तिने वाट पाहिली नाही. पालथी पडली आणि दोन वर्षांच्या पोराला पाठीवर सोडला. तो मधेच बसला आणि 'घोडा, घोडा' करत उड्या मारायला लागला.

"नेम नाही अजून त्याला," आत्या म्हणाली. "पण बरं वाटलं."