मागून दिलेला खो

मी पळते. म्हणजे अजूनही पळते. इथे नेहमी येणाऱ्या मंडळींना हे ठाऊक आहे, पण अलीकडे काही भाचेसुना आणि नव्या वाचक मैत्रिणीही डोकावू लागल्या आहेत, त्यांच्यासाठी सांगते.

२००९ साली शाळेतून निवृत्त झाले. इतकी वर्षं घंटेच्या तालावर चाललेलं शरीर, घरात बसवेना. एका सोमवारी पहाटे उठले आणि श्री गुरुगोविंदसिंगजी स्टेडियमच्या रस्त्याला लागले. आधी नुसती चालले. मग विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळून बघितलं. खांब मोजता मोजता वर्षभरात चार किलोमीटर झाले. साडीची सलवार-कमीज झाली, चपलांचे बूट झाले. आता वय ७४. माझं पळणं ते काय, भराभर चालणारे गृहस्थ मला मागे टाकून जातात! पण दोन्ही पाय क्षणभर का होईना जमीन सोडतात, तेव्हा व्याख्येने ते पळणंच. जुने विद्यार्थी भेटतात, "बाई, अजून पळायलाव का तुम्ही?" म्हणतात, आणि मला दिवसभर पुरेल एवढा अभिमान मिळतो.

हा अभिमान जरा जास्तच झाला होता, हे आज कबूल करायचं आहे. २०११ साली फौजासिंगांनी शंभराव्या वर्षी टोरंटोची मॅरेथॉन पुरी केली, तेव्हा त्यांचा पेपरातला फोटो मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. मनात यायचं, आपणही असंच पळत राहायचं, कुणाचा आधार न घेता. गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, पंजाबात रस्ता ओलांडताना गाडीची धडक बसून ते गेले. फोटो अजून कपाटावर आहे. पण 'कुणाचा आधार न घेता' हे माझं वाक्य मात्र आता राहिलेलं नाही. ते कसं गेलं, तेच सांगते.

माझी एक मैत्रीण आहे. नाव लिहायचं नाही अशी तिची सक्त ताकीद आहे. आम्ही दोघी लातूरच्या. तेव्हाचं लातूर म्हणजे उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. जिल्हा झाला तो १९८२ साली. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी एकावर तिचं घर, दुसऱ्यावर आमचं. शाळेत दोघी खो-खोच्या संघात होतो. पुढे दयानंद महाविद्यालयात बी.ए.ला बरोबर, आणि मग लग्नं. मी नांदेडला आले, ती लातुरातच राहिली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाणाऱ्या एसटीने आमची मैत्री टिकवली, आणि त्याहून जास्त पत्रांनी. दर दिवाळीला तिचं पत्र यायचं. वर्गात सुविचार तिनेच लिहायचा असा नियम होता, इतकं तिचं अक्षर देखणं.

२०२० च्या दिवाळीत पत्र आलं आणि मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पहिली ओळ नेहमीची. पण ओळ पुढे सरकेल तसं अक्षर बारीक होत गेलेलं, शेवटी तर मुंग्यांची रांग. पुढच्या वर्षी त्याहून बारीक. मी आपली मास्तरीण, फोन करून रागावले, "कागद वाचवायलीस का गं?" ती हसली नाही. तिचं हसणंच कमी झालं होतं. मुलाला वाटायचं आई रुसली आहे, सुनेला वाटायचं आपलं काहीतरी चुकलं. चेहराच हलत नव्हता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

२०२२ मध्ये निदान झालं. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स. आपल्याला वाटतं कंपवात म्हटलं की हात थरथरणारच. तिचा हात थरथरत नव्हताच. अक्षर बारीक होणं, आवाज खोल जाणं, चालताना एक हात न हलणं, चेहऱ्यावरचे भाव आटणं, ही सगळी त्याचीच लक्षणं असू शकतात. मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि शरीराला 'हल' म्हणून सांगणारा निरोप नीट पोहोचत नाही. इंग्लंडमधल्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने १८१७ साली या आजारावर पुस्तिका लिहिली, म्हणून त्याचं नाव. दोनशे वर्षं उलटली, आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. गोळ्यांनी हालचाल सुधारते. आणि तिच्या डॉक्टरांनी बजावलं, व्यायाम हाही औषधाइतकाच महत्त्वाचा.

२०२३ च्या पावसाळ्यात मुलाची बदली नांदेडला झाली आणि ती आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायला आली. मला केवढा आनंद! मी लगेच जाहीर केलं, "उद्यापासून माझ्यासोबत स्टेडियमला यायचं."

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात माझा जीव कासावीस व्हायला लागला. ती पावलं घासत हळूहळू चालायची, मला पळायचं असायचं. एके दिवशी म्हणाले, "तू या बाकावर बस, मी दोन फेऱ्या मारून येते." दोनच्या तीन केल्या. परत आले तर ती बाकापासून चार पावलांवर उभी. लोक तिला वळसा घालून जात होते. घाम आलेला, पाय जमिनीला खिळल्यासारखे. किती वेळ उभी होती कोण जाणे. आणि मी काय म्हणाले? "अगं, हलत का नाहीस?" वर्गात उभ्या राहिलेल्या पोराला म्हणावं तसं.

ती काही बोलली नाही. घरी पोहोचल्यावर दारात म्हणाली, "मरायची भीती नाही गं मला. पलंगाला लागायची आहे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. चौदा वर्षं मी पळत होते, पण कशापासून, हे तिच्या त्या वाक्याने समजलं. भीती तीच होती. माझे पाय अजून चालत होते एवढाच फरक.

मग ठरवलं, आठवड्यातले चार दिवस दोघींनी नवीन काहीतरी करून बघायचं. आधी योगवर्ग. तिथल्या बाईंनी एका पायावर दहा सेकंद उभं राहायला सांगितलं. माझ्या मनात, हे काय अवघड? मी रोज चार किलोमीटर पळणारी! चौथ्या सेकंदाला मी भिंतीला चिकटले होते. मैत्रिणीने खुर्चीला एक बोट लावून दहा पूर्ण केले आणि माझ्याकडे बघितलं. चेहरा हलला नाही, पण डोळे हसत होते. मागाहून वाचलं, २०२२ मध्ये ५१ ते ७५ वयाच्या १७०२ लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पाचातल्या एकाला हे दहा सेकंद जमले नव्हते, आणि न जमलेल्यांत पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. पळून दम वाढतो, तोल आपोआप येत नाही. तो वेगळा शिकावा लागतो. चौऱ्याहत्तरीच्या जवळ येऊन मी पहिलीत बसले.

नंतर झुंबा. गच्चीवर सुनांच्या वयाच्या बायका, मोठ्याने लावलेली गाणी, आणि कडेला आम्ही दोघी! मला एकही पाऊल जमेना. गंमत म्हणजे तिला जमायचं. चालताना अडखळणारी बाई गाण्याच्या ठेक्यावर पाय उचलायची. पुण्यात हृषीकेश पवार कंपवाताच्या रुग्णांना नृत्य शिकवतात आणि तिथलं पार्किन्सन्स मित्रमंडळ अशा गोष्टी रुग्णांपर्यंत पोहोचवतं, हे वाचलं होतं; पण वाचणं वेगळं आणि गच्चीवर बघणं वेगळं. मग फिजिओथेरपीच्या बाईंकडची जागेवरची सायकल. तीही ती छान चालवते. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची चित्रफीत दाखवली होती. त्याला चार पावलं चालता येत नव्हती, पण सायकलवर बसवलं की तो रस्त्यावरून सरळ जात होता. वजनं उचलायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आमच्या लातुरात. त्या वर्षी घागरी उचलून झाल्यात माझ्या, हे काय सांगायलीस?" आणि माझ्याहून जड डंबेल घेतलं!

खरी गोष्ट पुढेच आहे. २०२४ चा श्रावण. तिच्या तपासणीसाठी दवाखान्यात जायचं होतं. रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, मुलगा घड्याळ बघतोय, आणि ही उंबऱ्याशी खिळलेली. सून हात धरून पुढे ओढत होती, "आई, चला ना." जितकी घाई तितके पाय घट्ट. मी मागे पिशवी घेऊन उभी होते. काय सुचलं कोण जाणे, मी तिच्या पाठीवर पंजा मारला आणि ओरडले, "खो!"

ती उठली. म्हणजे उभीच होती, पण पाटीवर बसलेली मुलगी उठते तशी तिच्या अंगात हालचाल आली. उंबरा ओलांडला, तीन-चार पावलं टाकली, आणि अंगणात थांबून हसली. तोंड भरून. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं.

फिजिओच्या बाईंनी नंतर समजावलं. आपणहून पाऊल सुरू करायची मेंदूतली वाट या आजारात अडते, पण बाहेरून इशारा मिळाला तर शरीर दुसऱ्या वाटेने हलू शकतं. हाक, टाळी, एक-दोन-तीन, गाण्याचा ठेका, नाहीतर जमिनीवरची रेघ. आता तिच्या घरात उंबऱ्यापाशी पिवळ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा आहेत, पाऊलभर अंतरावर. ती त्या ओलांडत जाते. कुणाच्या घरात असं माणूस असेल तर एवढं ध्यानात ठेवा: ओढू नका, घाई करू नका. क्षणभर थांबू द्या, भार एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्या, मग मोजा. आणि पाठीवर थाप मारण्याआधी माझ्यासारखं न करता फिजिओला विचारून घ्या. माझं नशीब चांगलं होतं, तोल जाऊन पडली असती तर?

खो-खो खेळलेल्यांना नियम आठवत असतील. आठ जणी एकीआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसतात, नववी पळते. खो मागूनच द्यायचा, आणि तो मिळाल्याशिवाय बसलेलीने उठायचं नाही. शाळेत मला बसण्याचा राग यायचा. आपण पळणाऱ्या, असं वाटायचं. बसलेल्या आठ जणी नसतील तर पळणारी कुणाच्या जिवावर पळणार, हे समजायला साठ वर्षं लागली.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. १९ तारखेचा महिलांचा अंतिम सामना आम्ही दोघींनी तिच्या घरी बघितला. आपल्या प्रियांका इंगळेच्या संघाने नेपाळला ७८-४० ने हरवलं. मॅटवर खेळणाऱ्या त्या पोरी बघून ती म्हणाली, "आपले गुडघे किती फुटायचे गं मुरमावर!" आणि दोघींनी सलवारी वर करून गुडघ्यावरचे जुने वण शोधले.

सगळं गोड झालं असं नाही. खो दरवेळी चालत नाही. गोळीचा असर उतरला की मोजूनही पाय हलत नाहीत, म्हणून गोळीनंतर तासाभराने व्यायाम असं वेळापत्रक आम्ही बांधलंय. मागच्या पावसाळ्यात ती मोरीत पडली, महिनाभर मनगट प्लास्टरमध्ये होतं. आजार पुढे जाणार, हे तिला माहीत आहे आणि मलाही. तरी चार दिवस आम्ही दोघी, आणि दोन दिवस मी एकटी पळते. डाव्या पायावर आता दहा सेकंद उभी राहते. उजवा आठव्यालाच डगमगतो.

या दिवाळीला तिचं पत्र आलं. दोन गल्ल्यांवरून, चक्क पोस्टाने! मीच तिला पहिलीच्या मुलांची दुरेघी वही आणून दिली होती, कारण रेघा असल्या की अक्षर मोठं राहतं. पत्र दुरेघीवरच होतं. पाऊण पान अक्षर जागेवर, शेवटच्या दोन ओळी पुन्हा बारीक. त्या भिंगाने वाचल्या. लिहिलं होतं, उत्तर पत्रानेच दे, घरी येऊन बडबडू नकोस.

दिवाळी होऊन बरेच दिवस झाले, उत्तर अजून राहिलंय. तेव्हा आज इथेच थांबते.